एकाच मापाचं जाकीट

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. आधी मुलांना वर्गाबाहेर काढायचं, डोंगर-नदी डोळ्यांनी बघायला लावायची आणि मग भारत आणि ब्राझील या दोन देशांची ओळख करून द्यायची, असा पुस्तकाचा बेत. मला तो फार पटतो. मी एका शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. डबे, धुणं, सासूबाईंची औषधं एवढं उरकून शाळा गाठायची आणि शिकवून आलं की परत ओट्यापाशी उभं राहायचं, असा माझा दिवस. वर्षातून एक अख्खा दिवस मोकळ्या हवेत घालवायला लावणारा धडा मला पटला नाही तरच नवल!

क्षेत्रभेटीची सूचना वर्गात वाचून दाखवली की मुलगे विचारतात, "बाई, कधी निघायचं?" मुली विचारतात, "बाई, काय घालायचं?" शिक्षकांच्या खोलीत यावर हमखास हशा पिकतो. मुलींना नटण्यापलीकडे काही सुचत नाही, असा त्या हशाचा अर्थ. पण नीट कान दिला तर या एका प्रश्नाच्या पोटात बरेच प्रश्न असतात. शाळेचा टी-शर्ट अंगाला चिकटतो, त्यात मी कशी दिसेन? चढणीवर सगळ्यांच्या मागे राहिले तर? पाळी नेमकी त्याच दिवशी आली तर? तिथे 'जायची' सोय आहे का? ही शेवटची काळजी तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. एस्टीने लांब जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी तोडणाऱ्या बायका आपणच. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली भरलेली बाटली घेऊन निघतात आणि भरलेलीच घरी आणतात. दिवसभर उन्हात हिंडायचं, घोटभर पाणी प्यायचं नाही, आणि मग डोकं दुखलं, चक्कर आली की 'मुली नाजूकच' म्हणायला सगळे मोकळे!

मागे एकदा मी वर्गाला कागद वाटले आणि भूगर्भशास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं. मुलामुलींनी मिळून जवळजवळ एकच माणूस काढला. उंच, सडपातळ, डोक्याला हॅट, पायांत बूट, हातात हातोडी. एकीनेच बाई काढली होती, आणि तीही कमरेत इतकी बारीक की हातोडी उचलली तर मोडेल. पोट सुटलेला, धापा टाकणारा माणूस एकाही कागदावर नव्हता. आमचे कॉलेजातले भूगोलाचे सर चांगलेच गोल होते आणि सह्याद्रीतला दगड न् दगड त्यांच्या ओळखीचा होता. पण सरांच्या पोटाबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही. पुरुषाचं पोट म्हणजे खात्यापित्या घरचं लक्षण, नाही का!

गेल्या वर्षी आम्ही कांदळवन बघायला खाडीवर गेलो. वर्गात एक मुलगी आहे, अंगाने चांगली भरलेली. बोलते कमी, पण वही बघावी तर जिथे तिथे आकृत्या. तिवर आणि कांदळ यांतला फरक तिने वाचनालयातलं पुस्तक आणून आठवडाभर आधीच घोटून ठेवला होता. होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेटं वाटली. केशरी रंगाची, सगळी एकाच मापाची. तिच्या छातीवर बंद लागेना. होडीवाल्याने दोनदा ओढून पाहिलं, मग हसून म्हणाला, "ताई, हिला राहू द्या इथंच. होडीला पण भार नको." मागे कुणीतरी खुदकन हसलं. मुलीने जाकीट काढलं, बाकावर नीट ठेवलं आणि मला म्हणाली, "बाई, मला तशीपण होडी लागते. मी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळते." होडी लागते! खाडीकाठच्या आजोळी दर सुट्टीत जाणारी मुलगी ती.

मी होडीवाल्याला म्हटलं, "दादा, तुमच्या भाऊबंदांत सगळे एवढेच बारीक आहेत का हो?" तो जरा ओशाळला. धक्क्याला मासेमारीच्या होड्या लागल्या होत्या, त्यातल्या एकीवरून मोठं जाकीट घेऊन आला. जायला-यायला दहा मिनिटं लागली असतील. जाकीट बसलं, बंद लागला, मुलगी होडीत चढली, आणि होडी काही बुडाली नाही. पलीकडे ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात तिवराची श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी उभी होती. बाकीची मुलं एकमेकांचे फोटो काढत होती. ही वाकून, हातभर चौकोनात किती मुळं येतात ते मोजत होती. मग तिने तिवराचं पान जिभेला लावून बघितलं आणि मैत्रिणींनाही लावायला दिलं. हे झाड खाऱ्या पाण्यात उभं राहतं आणि नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, हे मी फळ्यावर लिहून जितकं कळलं असतं, त्याहून जास्त त्या जिभेवरच्या खारटपणाने वर्गाला कळलं.

घरी येऊन कणीक मळतानाही माझ्या डोक्यात ती दहा मिनिटं होती. मोठं जाकीट हाकेच्या अंतरावर होतं. ते आणावं, हे कुणालाच सुचलं नाही. कारण कमतरता जाकिटात नसून मुलीच्या अंगात आहे, हे सगळ्यांनी आधीच मान्य करून टाकलं होतं. मुलीनेही. आपण बायका खरं तर यातल्या जाणत्या. ब्लाउज घट्ट झाला तर आपण शिवण उसवून घेतो. चांगला शिंपी म्हणूनच आत दोन बोटं माया ठेवतो. बाळंतपणं होणार, वय वाढणार, अंग काही एका मापाचं राहणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. शास्त्राच्या कपड्यांना आणि साधनांना मात्र अशी माया ठेवायची आठवण फार उशिरा झाली. अजूनही पुरती झालेली नाही.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. त्यातली सर्वांत जुनी गोष्ट माझ्या गच्चीवरच्या बोगनवेलीशी जोडलेली निघाली. बोगनवेल मूळची ब्राझीलकडची. बुगँव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्द्याचं नाव तिला मिळालं. १७६६ साली निघालेल्या त्याच्या जगप्रदक्षिणेच्या मोहिमेत कॉमर्सन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याच्याबरोबर एक 'नोकर' होता. हा नोकर म्हणजे झान बारे नावाची बाई, त्याचं घर सांभाळणारी. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बाईला पाऊल ठेवायला बंदी होती. म्हणून तिने छाती कापडाने करकचून बांधली, पुरुषाचे कपडे चढवले आणि जहाजावर गेली. कॉमर्सनचा पाय दुखरा होता. त्यामुळे दगडधोंड्यांतून वनस्पती गोळा करायच्या, त्या दाबायच्या फळ्या, बंदुका, खाण्याचं सामान असं सगळं ओझं पाठीवर घ्यायचं, ही कामं तिची. १७६७ साली रिओच्या आसपास बोगनवेल गोळा झाली, ती बहुधा तिच्याच हातची असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. पुढे १७६८ मध्ये ताहितीला ती बाई आहे हे उघडकीला आलं. कॉमर्सन मॉरिशसला वारला. तिने तिथे एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर मायदेशी परतली. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली बाई म्हणून आज तिचं नाव घेतात. १७८५ साली फ्रेंच सरकारने तिला वर्षाला २०० लिव्र पेन्शन लावलं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण वनस्पतीला तिचं नाव मिळायला २०१२ साल उजाडावं लागलं. वांग्या-बटाट्याच्या कुळातल्या एका रोपाला आता तिचं नाव आहे. मला राहून राहून त्या कापडाच्या पट्ट्यांची आठवण येते. उष्ण कटिबंधातलं ऊन, पाठीवर ओझं, आणि छाती आवळून बांधलेली. तिच्या कामात तिचं शरीर कुठेच आड आलं नाही. लोकांच्या नजरेत मात्र ते आड येत होतं, म्हणून लपवायचं.

दोनशे वर्षांनंतरही चित्र फार बदललं होतं असं नाही. अंटार्क्टिकावर अमेरिकन शास्त्रज्ञांची ने-आण तिथलं नौदल करायचं आणि बायकांना न्यायला ते वर्षानुवर्षं तयार नव्हतं. १९६९ साली लोइस जोन्स या भूरसायनशास्त्रज्ञ बाईंनी चार जणींची तुकडी नेली. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला सहा बायका दक्षिण ध्रुवावर उतरल्या. पहिली कोण यावरून पुढे वाद नको, म्हणून सहाही जणी विमानाच्या उतरणीवरून हातात हात घालून एकदम उतरल्या. मला हे वाचून आपल्या मंगळागौरीच्या फेराची आठवण झाली.

आणि मग आपल्या दोघी. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि डॉ. अदिती पंत गेल्या. अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. अदितीबाई तर आपल्या नागपूरच्या, पुणे विद्यापीठातून बी. एस्सी. झालेल्या, पुढे हवाई आणि लंडनला शिकून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. सुदीप्ताबाई भूगर्भशास्त्रज्ञ आणि गिर्यारोहणाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे आपलं तिथलं पहिलं ठाणं उभं राहिलं. वर्गात मी या दोघींचं नाव घेते तेव्हा मुली पहिल्यांदा विचारतात, "बाई, त्या दिसायला कशा होत्या?" मी सांगते, "थंडीच्या कपड्यांत सगळे सारखेच दिसतात. अस्वलासारखे." वर्ग हसतो. पण त्या प्रश्नामागची ओढ मला कळते. आपल्यासारखी कुणी तिथे गेली होती का, एवढंच त्यांना विचारायचं असतं.

म्हणून मी त्यांना मंगला मणी यांचीही गोष्ट सांगते. इस्रोच्या या शास्त्रज्ञ बाई २०१६ च्या नोव्हेंबरात अंटार्क्टिकावरच्या 'भारती' ठाण्यावर गेल्या आणि ४०३ दिवस राहिल्या. तेवीस जणांच्या तुकडीत त्या एकट्याच बाई. वय छप्पन्न. आपल्याकडे छप्पन्नाव्या वर्षी बाईने गुडघे धरून उठायचं आणि सुनेला चहा टाकायला सांगायचा, असा संकेत! माझ्या सासूबाईंना ही बातमी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि वर्षभर घरचं कुणी बघितलं गं?" हा प्रश्न पुरुष शास्त्रज्ञांबद्दल त्यांनी कधी विचारला नव्हता, हे मी बोलले नाही. तोंडातच ठेवलं.

अंतराळाची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. १९८३ साली सॅली राइड अंतराळात निघाल्या, तेव्हा आठवड्याच्या प्रवासासाठी पाळीचे टॅम्पॉन शंभर पुरतील का, असं तिथल्या हुशार इंजिनियरांनी त्यांना विचारलं होतं. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्यांना घरातल्या बायकोला विचारायचं सुचलं नाही! अगदी अलीकडे, मार्च २०१९ मध्ये, दोन स्त्रियांनी मिळून यानाबाहेर पडून काम करायचं ठरलं होतं. ते रद्द झालं, कारण दोघींना मध्यम मापाचा पोशाख बसत होता आणि तसा वापरायला तयार असलेला एकच होता. दुसरा होता, पण तो सज्ज करायला वेळ लागला असता. त्यापेक्षा माणूस बदलणं सोपं पडलं. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला दोन स्त्रिया बाहेर पडल्याही. पण 'माणूस बदलणं सोपं पडलं' हे शब्द मी जेव्हा जेव्हा आठवते, तेव्हा मला पिशव्या सांभाळायला निघालेली आमची मुलगी दिसते.

आपल्या कायद्यानेही बाईच्या शरीराची काळजी आपल्या परीने घेतली होती. १९५२ च्या खाणींच्या कायद्याप्रमाणे बाईला जमिनीखालच्या खाणीत काम करायला मनाई होती आणि वरही सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात मुभा होती. एके काळी खाणीत बायकांचे जे हाल होत, त्यातून आलेला हा नियम. हेतू वाईट नव्हता. पण खाणशास्त्र शिकलेल्या मुलीला अर्ध्या नोकऱ्या त्यामुळे बंद झाल्या. जानेवारी २०१९ मध्ये सरकारने तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी ही वाट खुली केली.

या सगळ्यात मला आपल्या इरावतीबाई कर्व्यांची गोष्ट सर्वांत जवळची वाटते, कारण त्यांचं कामच मापं घेण्याचं होतं. १९३० च्या सुमारास बर्लिनला त्यांनी मानवी कवट्या मोजून डॉक्टरेट केली. त्यांचे गुरुजी फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचे मोठे आधार झाले. युरोपियन माणसाची कवटी वेगळी, म्हणजे अर्थातच वरचढ, असं निघावं ही त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी मोजलं आणि वंशावरून तसा काही फरक दिसत नाही, असं स्वच्छ लिहून दिलं. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्या गावोगाव हिंडून माणसांची मापं घेत. गुजरातेत लांघणजला सांकलियांबरोबर उत्खननातही होत्या. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणूनही त्यांचंच नाव सांगतात. धिप्पाड, उंच बाई. 'शोभतं का' हा प्रश्न त्यांना लोकांनी विचारला असेलच. त्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

आता थोडं आपल्या घरातलं. शाळेत दरवर्षी उंची-वजन घेतात. एकजण काट्यावर, एकजण आकडा मोठ्याने सांगणार, एकजण लिहून घेणार, आणि सगळा वर्ग ऐकणार. होडीच्या, दोरखंडाच्या सोयीसाठी वजन कळायला हवं हे खरंच आहे. लाइफ जॅकेटं वजनावरूनच निवडतात. पण ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात घेता येतं. खाडीच्या सहलीनंतर मी तसं सुरू केलं. खर्च, वर्गाला पुरतील एवढी पाकिटं.

पालकसभेत त्या मुलीची आई भेटली. मी म्हटलं, मुलगी हुशार आहे, निसर्गाचं निरीक्षण फार चांगलं आहे, तिला शास्त्र शाखेला घाला, पुढे भूगर्भशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेता येईल. आई माझ्याच वयाची. ती म्हणाली, "बाई, तिला उगीच डोंगर चढायची स्वप्नं दाखवू नका. आधी वजन उतरू दे, मग बघू." मुलगी शेजारीच उभी होती. तिने नजर खाली घातली.

'आधी वजन उतरू दे.' मला त्या आईचा राग आला नाही. हे वाक्य आपण सगळ्याच म्हणतो. आधी वजन उतरू दे, मग पोहायला शिकीन. मग पंजाबी ड्रेस शिवीन. मग समूहाच्या फोटोत पुढे उभी राहीन. मी स्वतः दुसऱ्या बाळंतपणानंतर चार वर्षं गडावर गेले नव्हते, कारण माझी पँट होत नव्हती आणि साडीत चढायचं म्हटलं तर पाय अडकतो. वजन वाढलं की गुडघे बोलतात, धाप लागते, डॉक्टर रागावतात, यातलं मी काहीच नाकारत नाही. पथ्य, चालणं, रक्तदाबाची गोळी यांची जागा यांना आहे. पण चार तास दगडावर बसून पक्षी मोजायला, खडकाचा थर वहीत उतरवायला, चिखलातली मुळं मोजायला कमरेचं माप लागत नाही. आणि ज्यांच्याकडून आपण डोंगर चढायला शिकावं, त्या हंडे घेऊन घाट चढणाऱ्या बायका कुठे सगळ्या काटक्यांसारख्या असतात? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. रानातली, शेतातली गावठी बियाणी जमवून जपली आणि २०२० साली पद्मश्रीची मानकरी झाल्या. नऊवारी नेसून!

मी त्या आईला यातलं बरंचसं सांगितलं, थोडं जास्तच. ती ऐकून घेऊन गेली. मला वाटलं, संपलं.

निकालानंतर आठवड्याने दोघी माझ्या घरी आल्या, पेढे घेऊन. चहा होईपर्यंत आई इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "बाई, त्या भूगर्भशास्त्रात किती चालावं लागतं हो?"

मी म्हटलं, "पुष्कळ."

"रोज?"

"रोज नाही. पण जेव्हा लागतं तेव्हा पुष्कळ."

ती जरा वेळ गप्प राहिली. "मग हिला पँटी लागतील. दुकानात हिच्या मापाच्या मिळत नाहीत. मिळाल्या तर पुरुषांच्या, त्या कमरेत होतात आणि खाली लोंबतात. तुमचा शिंपी शिवील का?"

आम्ही तिघी त्याच संध्याकाळी गेलो. शिंपीकाका चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवतायत. माप घेताना आकडे ते मोठ्याने बोलत नाहीत, वहीत लिहितात; हे मी पूर्वी कधी ध्यानात घेतलं नव्हतं. जाड सुती कापड निवडलं, बसता-उठता यावं म्हणून आसन सैल ठेवायचं ठरलं, आत दोन बोटं माया. मग काकांनी विचारलं, "खिसे किती?"

"दोन," आई म्हणाली.

"सहा," मुलगी म्हणाली.

"सहा कशाला गं?"

मुलगी बोटांवर मोजायला लागली. वहीचा एक, पेन्सिलीचा एक, भिंगाचा एक, टेपचा एक, दगडाचे तुकडे ठेवायला एक. पाच झाले. सहाव्या बोटाशी ती थांबली, आईकडे बघून हसली आणि म्हणाली, "आणि एक चिक्कीला."